मोठ्या मोटार शोला जायचंय: दोन दिवसांत काय पाहायचं, काय मोजायचं?

सहावा_गिअर (प्रश्न)

पुढच्या महिन्यात एका मोठ्या आंतरराष्ट्रीय मोटार शोची दोन दिवसांची तिकिटं हातात आहेत. पहिला दिवस आठवड्यातल्या कामाचा, दुसरा रविवार. उत्सुकता एवढी की दालनांचा नकाशा आत्ताच पाठ झालाय, पण नकाशा पाठ असणं वेगळं आणि तिथे जाऊन नेमकं काहीतरी पदरात पाडून घेणं वेगळं.

हेतू तीन आहेत. घरची गाडी बदलायची आहे. यादीत एक हायब्रिड आणि दोन इलेक्ट्रिक उरल्यात, आणि तिन्ही एकाच छपराखाली उभ्या असणार. दुसरं म्हणजे कॉन्सेप्ट गाड्या, म्हणजे कंपन्यांनी कल्पना दाखवायला बनवलेले नमुने. तिसरं, जुन्या गाड्यांचं स्वतंत्र दालन आहे.

तर जाणकारांना विचारायचंय: गर्दी कशी टाळायची? गाडीत बसायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेवढ्यात काय तपासावं? कॉन्सेप्ट गाडीतलं पुढे रस्त्यावर येणारं किती आणि नुसता देखावा किती, हे कसं ओळखायचं? जुन्या गाडीजवळ उभं राहून काय बघायचं? आणि अशा ठिकाणच्या फोटोंत आडव्या काळ्या पट्ट्या येतात त्या कशाने?

पाना_दहा_बारा

आधी वेळेचं गणित. दार उघडलं की नव्वद टक्के लोक पहिल्याच दालनात अडकतात, कारण मोठे स्टॉल तिथेच दिसतात. तुम्ही सरळ सगळ्यात लांबच्या दालनात जा आणि उलटे दाराकडे या. पहिला दीड तास तुम्हाला रिकामी गाडी मिळते. दुपारी बारा ते चार काही पाहायच्या भानगडीत पडू नका, तेव्हा सुटे भाग, टायर, अवजारं, चार्जर असले कडेचे स्टॉल करा. तिथे गर्दी कमी असते आणि माहिती देणारा माणूस बहुतेक वेळा खरा तंत्रज्ञ असतो. शेवटचा तास पुन्हा मोठ्या स्टॉलना द्या.

यादीतल्या तिन्ही गाड्या कामाच्या दिवशीच उरका. रविवार फक्त डोळ्यांनी बघायच्या गोष्टींना: कॉन्सेप्ट, जुन्या गाड्या, बाहेरची प्रात्यक्षिकं. टेस्ट ड्राइव्ह ठेवली असेल तर नोंदणी सकाळी पहिल्या तासात भरते, तेव्हा आत शिरण्याआधी तिथे नाव घाला. मूळ लायसन्स जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर अडतं.

सोबत काय: तीन मीटरची कापडी टेप (पोलादी नको, तिच्या टोकाने ओरखडा पडतो), बोटाएवढी टॉर्च, वही-पेन्सिल, पॉवर बँक, मळलेले म्हणजे सवयीचे झालेले बूट. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं आणि तेही सिमेंटवर. धातूचं मोठं बक्कल, पट्ट्याला लटकवलेल्या किल्ल्या, पाठीवरची भरलेली सॅक हे टाळा. गर्दीत वळताना सॅकची चेन दुसऱ्याच्या गाडीच्या दारावर घासते आणि मग तिथले लोक सगळ्यांनाच दोरीच्या बाहेर ठेवतात.

लोहचुंबक घेऊन जाऊन पत्र्यावर लावून बघणारे असतात. कृपया नको. ॲल्युमिनियम नि प्लास्टिकच्या पॅनेलवर तो चिकटतच नाही, आणि चिकटला तर रंगावर कण घासतो.

मधली_सीट

दोन-तीन मिनिटांत करायच्या तपासणीचा क्रम ठरलेला असला की वेळ पुरतो. बहुतेक लोक आत बसतात, स्टिअरिंग धरतात, डॅशबोर्डवरचा पडदा (टचस्क्रीन) चाळतात आणि उतरतात. म्हणजे बदलता येण्यासारखं तेवढं बघतात आणि जन्मभर बदलणार नाही ते राहून जातं.

आधी ड्रायव्हरची सीट स्वतःला लावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील एवढी पुढे. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, हात ताणून बोटं पोचली तर पाठ फार मागे आहे. मग उंची: डोक्यावर आडवी चार बोटं जागा हवी. सनरूफची यंत्रणा टपातून दोन-तीन सेंटीमीटर खाते, आणि शोमधली गाडी बहुधा सनरूफवालीच असते. तुम्ही बिनसनरूफची घेणार असाल तर हे माप तुमच्या बाजूने वाढेल. उलट हिशोब करू नका. आता पुढचा खांब आणि आरसा यांच्यामध्ये किती झाकलं जातं ते पाहा. तिरकस डावीकडे-उजवीकडे मान न हलवता एखादा उभा माणूस गायब होतो का, एवढं पुरे.

मग उतरा आणि स्वतःच्याच लावलेल्या सीटच्या मागे बसा. ही चाचणी लोक टाळतात. गुडघ्याला जागा किती हे सगळे बघतात, मांडीखाली आधार किती हे कोणी बघत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी पायांखाली असल्याने जमीन वर येते, सीट त्या मानाने वर गेलेली नसते, आणि मागे बसणाऱ्याचे गुडघे वर उचलले जातात. मांडी गादीला टेकत नसेल तर लांबच्या प्रवासात सगळा भार बैठकीवर येतो. पुढच्या सीटखाली पाऊल जातं का तेही बघा. पुढची सीट खाली केली की ती जागा बंद होते, म्हणून ड्रायव्हरची उंची आधी लावायची. हायब्रिडमध्ये मधला बोगदा (पायांमधला जमिनीचा उंचवटा) उंच आहे का ते पाहायला मधोमध बसा. (हो, हे नाव उगाच घेतलेलं नाही.)

डिकीचे लिटर वाचून तुलना करू नका. त्या आकड्यामागे मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. युरोपात बऱ्याच ठिकाणी 200 × 100 × 50 मिलिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. पण ठोकळे मागच्या फळीपर्यंत रचले की टपापर्यंत, आणि फळीखालचा कप्पा धरला का, यावर आकडा शंभर लिटरने मागेपुढे होतो. त्यापेक्षा टेप काढा: दोन चाकांच्या कमानींमधली रुंदी, सीट उभी असताना जमिनीची लांबी, आणि जमिनीपासून डिकीच्या ओठाची उंची. जड बॅग उचलणाऱ्याला तिसरं माप पहिल्या दोनांहून महत्त्वाचं.

डिकीची फळी उचलून खाली बघा. पूर्ण मापाची स्टेपनी, अरुंद तात्पुरती स्टेपनी (हिच्यावर साधारण ताशी 80 किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते), की नुसती पंक्चरची बाटली? बाटलीतल्या द्रवाला मुदत असते आणि टायरची बाजू फाटली तर तिचा काही उपयोग नाही.

पाना_दहा_बारा

वरच्या प्रतिसादाला जोड: टायर. शोमधली गाडी जवळजवळ नेहमी सगळ्यात मोठ्या चाकांवर उभी असते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा, तिथे त्या मॉडेलला चालणारी टायरची मापं आणि हवेचा दाब दिलेला असतो. समजा खालच्या श्रेणीत 215/60 आर16 (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची टक्केवारी, चाकाचा व्यास इंचात) आहे आणि शोमध्ये 235/45 आर18. पहिल्याची बाजूची भिंत 215 च्या 60 टक्के म्हणजे 129 मिलिमीटर. दुसऱ्याची 235 च्या 45 टक्के, म्हणजे 106 च्या आत. बाहेरचा व्यास दोन्हींचा जवळपास सारखाच येतो (664 आणि 669), पण खड्डा गिळायला 23 मिलिमीटर रबर कमी. दिसायला देखणं, कमरेला महाग. विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ही श्रेणी कोणती, आणि हिच्यावर जादाचं काय काय बसवलंय?

पत्रा_आणि_पुट्टी

कॉन्सेप्टकडे वळू. शोमध्ये तीन जातीच्या गाड्या उभ्या असतात आणि पाटीवर ते नेहमी लिहिलेलं नसतं.

पहिली, विक्रीची गाडी. दुसरी, उत्पादनाआधीची. हिचा सांगाडा खरा असतो पण आतले बरेच भाग तात्पुरत्या साच्यातून काढलेले किंवा हाताने केलेले. तिसरी, निव्वळ कॉन्सेप्ट. तिच्यात कधी मोटर असते ती व्यासपीठापर्यंत चालत येण्यापुरती, कधी तीही नसते.

कॉन्सेप्ट ओळखायला दिव्यांपासून सुरुवात करा. रस्त्यावर येणाऱ्या दिव्याच्या काचेवर मान्यतेची खूण कोरलेली असते. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा, हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा: 1 जर्मनी, 2 फ्रान्स, 4 नेदरलँड्स, 11 ब्रिटन. अमेरिकी बाजाराच्या दिव्यांवर वेगळी अक्षरं असतात, पण काही ना काही असतंच. टॉर्च तिरकी धरली की दिसतं. खूण नाही म्हणजे तो दिवा अजून कागदावर आहे. तेच खिडकीच्या काचेचं. मग बघा: वायपर आहेत का, नंबर प्लेटला जागा आहे का, बाजूच्या आरशांच्या जागी नुसत्या काड्या आहेत का, मागच्या सीटला पट्टे आहेत का. टायरच्या बाजूवर माप आणि भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) नसेल, रेषा हाताने कोरल्यासारख्या असतील, तर तो टायर फक्त त्या गाडीसाठी कापलेला आहे.

मग कॉन्सेप्टमधलं पुढे उरतं काय? अनुभव असा की चाकांचा आकार, दरवाजे, आरसे आणि आतला भपका गळतो. चाकांमधलं अंतर, काचांची रेषा, दिव्यांचा चेहरा आणि डॅशबोर्डची मांडणी बऱ्याच अंशी टिकते. म्हणून कॉन्सेप्टचा फोटो समोरून काढण्यापेक्षा बरोब्बर बाजूने काढून ठेवा. दोन-तीन वर्षांनी तुलना करायला तोच कामी येतो. काही कॉन्सेप्ट मात्र कधीच रस्त्यासाठी नसतात आणि त्यांची मजा वेगळी. 1970 च्या तुरिन शोमधली लान्सिया स्ट्रॅटोस झीरो जेमतेम 84 सेंटीमीटर उंच होती, आत शिरायला पुढची काचच वर उचलावी लागायची.

बॉनेट बंद असेल तर हट्ट करू नका, कारण साधं असतं: खाली दाखवण्यासारखं काही तयार नसतं. याचं जुनं उदाहरण लॅम्बोर्गिनी मिउराचं: 1965 मध्ये तुरिनला नुसता सांगाडा मांडला, 1966 च्या जिनिव्हा शोला पूर्ण गाडी नेली, पण इंजिन त्या जागेत नीट बसतं का हे पाहायला वेळच उरला नव्हता. इंजिनाच्या जागी वजन भरलं आणि शो संपेपर्यंत झाकण उघडलं नाही.

आता दुसऱ्या जातीबद्दल, कारण फसगत तिथेच होते. उत्पादनाआधीच्या गाडीच्या फटी बघून तिच्या दर्जाबद्दल मत करू नका, चांगलं नको नि वाईटही नको. दारातून प्लास्टिकची करकर ऐकू आली तर तो भाग तात्पुरता असू शकतो. उलट सगळं एकसारखं दिसत असेल तर शोच्या आधी दोन माणसांनी बिजागऱ्या लावून-लावून ते जुळवलेलं असतं. विक्रीची गाडी उभी असेल तिथे मात्र जरूर बघा: दार आणि मडगार्ड यांच्यातली फट तीन-चार मिलिमीटर असते, पण रुंदी किती यापेक्षा ती वरून खालपर्यंत सारखी आहे का हे महत्त्वाचं. वर अरुंद, खाली रुंद म्हणजे दार बिजागरीवर फिरलंय. मग गुडघे टेकून गाडीच्या कडेला डोळा लावा आणि छतावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब बघा. प्रतिबिंबाची रेष एका दारावरून दुसऱ्या दारावर जाताना तुटली तर दोन पत्रे एका पातळीत नाहीत. शोमध्ये एवढे दिवे असतात की यापेक्षा चांगली तपासणीची जागा नाही.

सहावा_गिअर

दिव्याच्या काचेवरची खूण! हे डोक्यातही नव्हतं. एक शंका: शोमध्ये पडदा फार हळू चालतो किंवा अडकतो असं ऐकलंय. ते मनावर घ्यायचं का?

पत्रा_आणि_पुट्टी

नाही. बंदिस्त दालनात आगीच्या नियमांमुळे टाकीत इंधन अगदी कमी ठेवतात, झाकण कुलूपबंद असतं आणि 12 व्होल्टची बॅटरी बहुधा सोडवलेली असते किंवा बाहेरच्या पुरवठ्यावर चालवतात. चटईखालून एक जाड केबल गाडीकडे गेलेली दिसेल, ती तीच. पुरवठा कमी पडला की विजेवरची सीट हलत नाही, काच अर्ध्यात थांबते, पडदा पुन्हा सुरू होतो. शिवाय दिवसभरात शेकडो बोटं तोच पडदा बडवतात.

पडद्याबाबत तीनच गोष्टी बघा, त्यांचा त्याच्या वेगाशी संबंध नाही. एसीचं तापमान आणि काचेवरचं धुकं काढण्याचं बटण खरं आहे की पडद्यात लपलंय? पडदा बंद असताना त्यावर छतावरचा दिवा किती चमकतो? आणि पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून बघा: काही पडदे आणि काचेवर उमटणारा वेग त्यातून काळाठिक्कर दिसतो. रोज गॉगल घालून चालवणाऱ्याने हे घेतल्यावर कळण्यात काय अर्थ.

अर्धवट_फोकस

फोटोतल्या पट्ट्या. छतावरचे बरेच एलईडी आणि ट्यूब विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट गतीने कमी-जास्त होतात. 50 हर्ट्झचा पुरवठा असेल तर सेकंदाला 100 वेळा, 60 असेल तर 120 वेळा. कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतं, त्यात काही ओळी उजेडात आणि काही मंद क्षणात सापडतात. त्याच त्या पट्ट्या. उपाय: शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर बांधा (60 हर्ट्झला 1/60 किंवा 1/120). मेकॅनिकल शटर असेल तर ते वापरा. 1/500 वगैरे वर गेलात की पट्ट्या आल्याच. मोबाइलमध्ये व्हिडिओच्या सेटिंगमध्ये 50/60 चा पर्याय असतो, तो आदल्या दिवशी शोधून ठेवा.

गाडीचे स्वतःचे दिवे मात्र व्हिडिओत लुकलुकणारच, ते वेगळ्याच गतीने चालू-बंद होतात. तिथे इलाज नाही, स्थिर फोटोच काढा.

मोबाइलची मुख्य लेन्स 24-26 मिलिमीटरच्या बरोबरीची असते. जवळ उभं राहून तिने काढलं की नाक फुगतं आणि मागचं चाक खेळण्यातलं दिसतं. दोनपट झूम करा आणि चार पावलं मागे जा. गर्दीमुळे मागे जाता येत नसेल तर अख्खी गाडी काढायचा नाद सोडून भाग काढा. कॅमेऱ्याची उंची गाडीच्या दिव्यांएवढी ठेवा, उभ्याने काढलेल्या फोटोत गाडी बसकी आणि टप मोठा येतो.

काळी गाडी असेल तर कॅमेरा तिला राखाडी करू बघतो, एक्स्पोजर (उजेडाची पातळी) −1 करा. पांढरी असेल तर +0.7. पोलरायझर फिल्टर काचेवरचं प्रतिबिंब कापतो, पण काचेशी साधारण 35 अंशांच्या कोनातून बघत असाल तरच. समोरून सरळ बघितलं तर शून्य फरक. क्रोम किंवा उघड्या धातूवर तो चालत नाही, आणि दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड खातो. अंधाऱ्या दालनात म्हणूनच तो खिशात बरा.

प्रत्येक गाडीचा पहिला फोटो तिच्या माहितीच्या पाटीचा. घरी आल्यावर चारशे फोटोंतून कोणती चाकं कोणाची हे शोधत बसण्यापेक्षा बरं. फिरत्या चौथऱ्यावरची गाडी असेल तर आपण फिरू नका, एका जागी उभे राहा, हवा तो कोन समोर येतोच.

चोक_ओढा

जुन्या दालनाला रविवार ठेवलात तरी सकाळ द्या. मालक किंवा दुरुस्त करणारे कारागीर तेव्हा गाडी पुसत असतात आणि बोलायच्या मनःस्थितीत असतात.

काय बघायचं? जुन्या गाडीचं मोल चकाकीवर ठरत नाही. तीन शब्द ऐकू येतील: जपलेली, पुनर्बांधणी केलेली, आणि जमवलेली. जपलेल्या गाडीचा रंग उडालेला असतो, गादी चिरलेली असते, पण ती कारखान्यातून निघाली तशीच आहे. पुनर्बांधणीत सगळं नवं केलंय, पण त्याच गाडीचं. जमवलेलीत सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं. म्हणून चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक नोंदींशी जुळतात का यावर एवढी चर्चा होते.

जवळून बघताना तारखा मनात ठेवा, त्यातच गंमत आहे. फुलीचे स्क्रू गाड्यांत आले ते 1936 च्या कॅडिलॅकपासून. 1928 च्या गाडीच्या डॅशबोर्डला फुलीचा स्क्रू दिसला की तो नंतरचा. मिशलँचा रेडियल टायर बाजारात आला 1949 ला, तेव्हा तीसच्या दशकातल्या गाडीवर मापात आर (रेडियलची खूण) असलेला टायर म्हणजे सोयीसाठी केलेला बदल. इंजिनावर चालून वीज तयार करणारा ऑल्टरनेटर नेहमीच्या गाड्यांत 1960 च्या क्रायस्लर व्हॅलियंटपासून, त्याआधीच्या गाडीत डायनॅमो हवा. विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकचा, म्हणजे 1909 च्या गाडीत बटणाने इंजिन सुरू झालं तर कुणीतरी हँडल मारायला कंटाळलंय. डिस्क ब्रेक लावून जग्वार सी-टाइपने 1953 ची ल माँ शर्यत जिंकली, मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात 1955 ची सिट्रोएन डीएस. तीन टोकांचा सीटचा पट्टा व्होल्व्होने 1959 ला आणला.

असे बदल दिसले म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ते लागतात. फक्त पाटीवर ‘शंभर टक्के मूळ’ लिहिलं असेल तर मात्र बघायचं.

आणखी एक. तीसच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांची बॉडी लाकडी चौकटीवर ठोकलेली असते. लाकूड हलतं, दार खाली येतं, फट असमान होते. पत्रा_आणि_पुट्टी यांनी सांगितलेली फटीची कसोटी इथे लावू नका. अशा गाडीच्या फटी सुरीने कापल्यासारख्या असतील तर समजा पुनर्बांधणी कारखान्याच्याही पुढे गेलीय. क्रोमचंही तसंच: खालच्या बाजूचे, न दिसणारे भाग कारखान्यात क्रोम करत नसत, साधा काळा रंग असे.

गाडीखाली तेलाचा ट्रे दिसला तर हसू नका. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी ओठाचं सील नसून पिळाची दोरी किंवा नुसते उलटे आटे असतात. इंजिन थांबलं की थेंब-थेंब येणारच. ट्रे कोरडा ठाक असेल तर कदाचित इंजिनात तेलच नसेल.

हात लावू नका. मालकाला ‘किंमत किती’ विचारू नका. ‘काय बदललं नाहीत?’ असं विचारा आणि शांतपणे ऐका, अर्धा तास कुठे जातो कळणार नाही.

पत्रा_आणि_पुट्टी

फटीबद्दल मान्य, ती कसोटी कारखान्यात दाबलेल्या पोलादी बॉडीसाठीच. लाकडी चौकटीच्या गाडीत दार बंद होतानाचा आवाज ऐकावा. खणखणीत आला तर चौकट घट्ट आहे, खुळखुळला तर सांधे सुटलेत. दार मालकानेच लावायचं, अर्थात.

सहावा_गिअर

सगळ्यांचे आभार, वही भरत चाललीय. शेवटचे दोन प्रश्न. इलेक्ट्रिकच्या स्टॉलवर विक्रीवाले ‘दीडशे किलोवॅट चार्जिंग’ असं ठासून सांगतात, तो आकडा कसा तोलायचा? आणि सोबत लहान मुलगा आहे, त्याच्या सीटचं काय तपासायचं?

किलोवॅट_तास

दीडशे हा शिखराचा आकडा. तो काही मिनिटं टिकतो, बॅटरी भरत आली की खाली येतो. विचारायचे प्रश्न हे: वापरता येणारी क्षमता किती (एकूण नव्हे), आणि 10 ते 80 टक्क्यांना किती मिनिटं लागतात, तीही बॅटरीच्या कोणत्या तापमानाला? मग भागाकार करा. वापरता येणारी 60 किलोवॅट-तास असेल तर 70 टक्के म्हणजे 42. ते 30 मिनिटांत भरत असतील तर सरासरी 84 किलोवॅट. शंभरचं शिखर असलेली दुसरी गाडी तेवढीच बॅटरी 28 मिनिटांत भरत असेल तर तिची सरासरी 90, म्हणजे ती दीडशेवालीपेक्षा बरी. पाटीवरच्या शिखराला भुलू नका.

घरच्या चार्जिंगसाठी गाडीतल्या चार्जरची ताकद विचारा. एका फेजवर 32 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे साधारण 7.4 किलोवॅट, तीन फेजवर 16 अँपिअरने 11. तेच 42 किलोवॅट-तास 7.4 ने जवळपास पावणेसहा तास, वर उष्णतेत जाणारी वीज धरून आणखी थोडे. घरी एकच फेज असेल तर 11 चा चार्जर गाडीत असूनही पूर्ण वेगाने चालणार नाही. काही गाड्या एका फेजवर 7.4 घेतात, काही 3.7 वरच अडतात. हा प्रश्न नक्की विचारा, विक्रीवाला बहुधा आत जाऊन कुणाला तरी घेऊन येईल.

चार्जिंगचं भोक कुठे आहे तेही पाहा. मागच्या मडगार्डवर असेल आणि तुमची गाडी लावायची सवय नाक आत घालण्याची असेल, तर केबल गाडीभर लांब लागेल.

शेवटी वजन. कमाल वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की भार उरतो. 75 किलोची पाच माणसं म्हणजे 375. बॅटरीमुळे रिकामी गाडीच जड असते, तेव्हा 430 किलो भाराच्या गाडीत पाच जण बसले की सामानाला 55 उरले. कमाल वजन गाडीवरच्या कारखान्याच्या पट्टीवर असतं, बहुधा दाराच्या खांबावर. रिकाम्याचं माहितीपत्रकात. पण युरोपी पत्रकात रिकाम्या वजनात 75 किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो, कोणत्या पद्धतीचा आकडा आहे ते विचारून घ्या.

मधली_सीट

मुलाच्या सीटबाबत. आयसोफिक्सचे (मुलाची सीट गाडीला थेट अडकवायच्या पद्धतीचे) दोन कडे 280 मिलिमीटर अंतरावर असतात, ते सगळीकडे सारखंच. फरक असतो तो पोचण्यात. काही गाड्यांत प्लास्टिकच्या झाकणामागे कडं उघडं असतं, काहींत गादीच्या फटीत इतकं खोल की बोटं खरचटतात. स्वतःचा हात घालून बघा. मुलाची सीट रोज काढ-घाल करायची असेल तर हेच रोजचं भांडण.

वरचा पट्टा अडकवायचा हूक सीटच्या पाठीमागे आहे की डिकीच्या जमिनीवर? जमिनीवर असेल तर सामान ठेवताना पट्टा आडवा येतो. आधाराचा पाय असलेली सीट असेल तर मागच्या सीटपुढच्या जमिनीत पोकळ कप्पा आहे का ते ठोकून बघा. पोकळ झाकणावर पाय टेकवायचा नसतो. अशा गाडीच्या पुस्तिकेत कप्प्यात घालायचा ठोकळा दिलाय का, की तिथे ती सीट चालतच नाही, ते लिहिलेलं असतं.

तोंड मागे करून बसणारी सीट असेल तर टेपने पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर घ्या, पुढची सीट तुमच्या उंचीला लावून. घरी असलेल्या सीटची लांबी आधीच मोजून वहीत लिहून न्या. स्टॉलवर मुलाची सीट बसवून बघू देतील याची खात्री नसते. दिली तर उत्तमच, पण ती उचलून दालनभर फिरायची तयारी ठेवा.

मुलगा सोबत असेल तर रविवारी नको, पहिल्या दिवशी सकाळी न्या. दुपारनंतर त्याच्या उंचीला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. त्याच्या मनगटाला तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा आणि आत शिरताच चुकलं तर भेटायची जागा ठरवा. फिरता चौथरा त्यासाठी नको, तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते. माहिती कक्षाचा खांब बरा.